नावापुढचा खूर

"वाच बघू आता मागचं. कुठवर आलो आपण?" जुमाली म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवत म्हटलं.

उल्कानची बोटं कीबोर्डवर तशीच थांबलेली.

"अगं वाच की! कान म्हातारे झालेत माझे, मेले नाहीत अजून."

"मामंजी, मी कशी वाचू?"

म्हाताऱ्याला आठवलं आणि तो गुडघ्यावर थाप मारून हसायला लागला. हसता हसता खोकल्याची उबळ आली, तशी त्याने लोकरी टोपी तोंडाशी धरली.

"विसरलोच बघ. सून नाही का तू आमची! इतकी वर्षं झाली, सासरा गेला, नवरा गेला, आणि अजून पाळतेस?"

"पाळते."

"बरं बाई. मग खुणेनं सांग."

"ते घोड्यावरून पडून पाय मोडलेले थोरले मामंजी होते ना, त्यांचे धाकटे. फाटक्या कानाचे."

"फाटका कान! बरोबर, बरोबर." म्हाताऱ्याने वहीवर बोट टेकवलं. "लांडग्यानं फाडला म्हणून सांगायचा गावभर. बायकोनं फाडला होता. पण ते लिहू नकोस."

"नाही लिहीत."

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कोळशाची शेगडी धुमसत होती. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची वेलबुट्टी उठली होती. शाळा सुटलेली, पोरं घरी गेलेली. उल्कानने याच खोलीत सव्वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी किल्ली तिच्याकडेच होती, कारण यंत्रं बिघडली की दुसरं कोणाला बोलावणार?

लग्न होऊन आलेल्या सुनेने सासरच्या थोरांची नावं तोंडाने घ्यायची नाहीत, ही तिथली रीत. त्यांच्यासाठी आपण दुसरी नावं शोधायची. सासऱ्यांना उल्कान 'उंच मामंजी' म्हणत आली. जुमाली तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, पण वयाने खूप मोठा, म्हणून तोही मामंजीच. त्याला ती 'वहीवाले मामंजी' म्हणायची, कारण तो जिथे जाईल तिथे त्याच्या काखेत मेणकापडात गुंडाळलेल्या चार वह्या असायच्या. त्या वह्यांत चोकोय या मूळपुरुषापासूनचा सगळा वंश होता. आता तीच नावं उल्कान एकामागून एक टंकत होती. उच्चारायला मनाई होती, लिहायला नव्हती. ही रीत पडली तेव्हा सुनांना लिहिता येत नव्हतं.

येत्या उन्हाळ्यात चोकोयच्या नावाने मोठं स्मरणभोजन व्हायचं होतं आणि त्या दिवशी वंशावळीचं पुस्तक घरोघरी वाटायचं, असं ठरलं होतं. छपाई जुमालीचा मुलगा राखात करून देणार होता. राखात राजधानीत, बिश्केकमध्ये, इमारतींची कंत्राटं घेतो. त्यानेच आधी नारीन शहरातल्या कुठल्याशा टंकलेखकाकडून वह्यांतलं बरंचसं टंकून घेतलं होतं आणि ती फाइल उल्कानकडे आणून दिली होती. "फक्त जरा नीटनेटकी करा काकू," म्हणाला.

फाइल उघडली आणि उल्कानने कपाळाला हात लावला. तीनशे पानं, हजारो नावं, आणि प्रत्येक नाव हाताने ठळक केलेलं. कुठे अक्षर मोठं, कुठे त्याहून मोठं. दोन नावांमध्ये जागा हवी म्हणून कुठे चार वेळा एंटर मारलेला, कुठे सात वेळा. शीर्षकांची यादी दाखवणारी डाव्या बाजूची पट्टी उघडली, तर ती कोरी.

"मामंजी, या माणसानं तुमचा सगळा वंश नुसता रंगवून ठेवलाय," तिने जुमालीला सांगितलं होतं. वर्गात पोरांना सांगायची तसंच, सावकाश. "अक्षर मोठं केलं म्हणजे शीर्षक होत नाही. ते आपल्या डोळ्याला दिसतं. यंत्राला वेगळं सांगावं लागतं, की बाबा रे, हे नाव आहे, हे पहिल्या पातळीचं, हे त्याच्या खालचं, हे त्याच्याही खालचं. सांगितलं नाही, तर यंत्राच्या लेखी ते नावच नाही. नुसता मजकूर."

"किती पातळ्या असतात?"

"नऊ."

"आपल्याला पुरतील," म्हातारा हिशेब करून म्हणाला होता. "सात पिढ्यांचे सात बाप आणि वर दोन."

मग महिनाभर तिने ते रंगवलेलं सगळं पुसलं. चोकोयला पहिली पातळी दिली, त्याच्या मुलांना दुसरी, नातवांना तिसरी. जादा एंटर वेचून वेचून काढले. पोरांचे या एका चुकीसाठी तिने आयुष्यभर गुण कापले होते: जागा एंटर मारून करायची नाही, शैलीत, म्हणजे त्या ओळीला नेमून दिलेल्या मांडणीत सांगायची. हळूहळू डावीकडची पट्टी भरत गेली. एक दिवस जुमाली तिच्या शेजारी येऊन बसला आणि पडद्यावर त्याला आपलं झाड दिसलं. वर चोकोय, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली त्याची पोरं. एका नावावर क्लिक केलं की त्याचं पान समोर. एक नाव माऊसने धरून वर ओढलं, की त्याची मुलं, नातवंडं, चाळीस घरं त्याच्या मागोमाग वर सरकतात.

म्हातारा हरखला. दोन घराण्यांमध्ये थोरली शाखा कोणाची यावरून साठ वर्षं भांडण होतं. ते उल्कानने त्याच्यासमोर इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करून दाखवलं.

"एवढ्यासाठी त्यांनी एकमेकांच्या मयतीला जायचं सोडलं होतं!" तो म्हणाला. मग पडद्याजवळ वाकला. "आणि हे काय गं? काही नावांपुढे हे छोटं तिकोनी आहे. काहींपुढे नाही."

"ज्याच्या खाली कोणीतरी आहे, त्याच्यापुढे येतं ते. त्यावर टिचकी मारली की खालचे मिटतात, पुन्हा मारली की उघडतात. ज्याच्या खाली कोणी नाही, त्याच्यापुढे येत नाही."

म्हातारा बराच वेळ पट्टीवरून नजर फिरवत होता.

"खूर," तो शेवटी म्हणाला. "हा खूर आहे."

उल्कानला समजावून सांगायची गरज नव्हती. मुलगा मागे ठेवून गेलेल्या माणसाबद्दल गाव म्हणतं, त्याचा खूर उरला. ज्याला मुलगा नाही त्याचा खूर उरला नाही. त्या दिवसापासून दोघं तसंच बोलू लागली. "याला खूर आहे का गं?" "आहे, मामंजी." "आणि याच्या भावाला?" "नाही."

पुस्तकाच्या शेवटी तिने अनुक्रमणिका घातली. एक कळ दाबली आणि एकोणचाळीस पानं आपोआप भरली: नाव, टिंबांची रांग, पानाचा आकडा.

"ही अशी आपोआप होते?"

"एकदा होते. पण नंतर आपण काही बदललं, तर तिला पुन्हा सांगावं लागतं, ताजी हो म्हणून. नाहीतर ती जुनंच धरून बसते."

"म्हणजे माझ्यासारखीच," म्हातारा म्हणाला.

*

उल्कानच्या घराची शाखा सगळ्यात शेवटच्या वहीत होती. फाटक्या कानाच्या दुसऱ्या दिवशी ती आली. जुमालीने तिच्या सासऱ्यांचं नाव सांगितलं, ओमुरजाक. तिने लिहिलं. मग नवऱ्याचं, सादीक. ते लिहिताना तिची बोटं जरा हळू झाली. मग म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला आणि उगाच पुन्हा पुसला.

"एर्मेक," तो म्हणाला. "एकोणीसशे सत्याऐंशी ते दोन हजार एकोणीस."

हे नाव तिला तोंडाने घेता येत होतं. पोटचं होतं. तिने ते सातव्या पातळीवर लिहिलं. पाच वर्षांपूर्वी रशियातल्या एका शहरात, अकराव्या मजल्याच्या परांचीवरून तो पडला होता. पेटी आली तेव्हा झाकण उघडू नका असा कागद तिच्यावर चिकटवलेला होता. त्याची बायको अजून तिकडेच एका खानावळीत भांडी घासते, महिन्याला पैसे पाठवते. त्यांची मुलगी बेगाइम, नऊ वर्षांची, आजीजवळ.

पट्टीवर नाव उमटलं. एर्मेक. त्याच्यापुढे काही नाही.

"पुढे?" उल्कानने विचारलं.

"पुढे काय, सूनबाई."

शेगडीत कोळसा कोसळल्याचा आवाज झाला. म्हाताऱ्याने वही मिटली नाही. घसा साफ केला.

"हे बघ. मी राखातशी बोललोय. त्याला दोन मुलं आहेत. धाकटा एर्मेकच्या नावाखाली लिहू. असं पूर्वीपासून करत आलोत आपण. ज्याला नाही त्याला भावानं द्यायचं. मुलगा राहील त्यांच्याकडेच, तुला काही करावं लागणार नाही. फक्त ते नाव तिथनं उचलून इथं ठेव. तूच दाखवलंस ना, किती सोपं आहे ते. तुझ्या पोराला खूर येईल."

"त्या मुलाला सात बापांची नावं येतात का, मामंजी?"

"शिकेल. शहरातली पोरं उशिरा शिकतात."

"आणि एर्मेकची मुलगी?"

म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला, "मुलगी पाहुणी. उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल."

"त्या घरच्या वहीत लिहितील तिला?"

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. उल्कान तिच्या बापाच्या वंशावळीत नव्हती, कारण ती मुलगी. इथल्या वंशावळीत नव्हती, कारण ती सून. इथल्या दोन हजार नावांना तिने जागा दिली होती.

"विचार कर," वह्या मेणकापडात गुंडाळत म्हातारा म्हणाला. "तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

त्याच्या आवाजात खरंच माया होती. ती नसती, तर तिला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

*

रविवारी दुपारी घरी तिने लॅपटॉप उघडला. तो एर्मेकनेच पहिल्या पगारातून पाठवला होता. त्याच्या दोन कळांवरची रशियन अक्षरं झिजली होती. बेगाइम जमिनीवर पालथी पडून वहीत काही काढत होती.

उल्कानने राखातची शाखा शोधली. धाकट्याचं नाव माऊसने पकडलं. पट्टीवर एक निळी रेघ उमटली. ती रेघ खाली खाली आणत तिने एर्मेकच्या नावाखाली नेली आणि बोट उचललं.

खूर आला.

इतकाच वेळ लागला. एर्मेकच्या नावापुढे इवलंसं तिकोनी, बाकीच्यांसारखंच. तिने त्यावर टिचकी मारली, मुलगा मिटला. पुन्हा मारली, उघडला. किती तरी वेळ ती तेच करत होती. उद्या पुस्तक उघडणारा म्हणेल, या माणसाचं घर बंद झालं नाही.

"आजी, तू एकच दाबत बसलीयेस," बेगाइम उठून मागे आली. "मी सात बाप म्हणून दाखवू?"

"दाखव."

सात बाप तोंडपाठ नाहीत त्याला तिथे अनाथ म्हणतात. पोरीला ते आजीनेच शिकवले होते, पण आजीला ते तोंडाने उच्चारता येत नव्हते. म्हणून तिने ते कागदावर लिहून दिले होते आणि पोरीने वाचून पाठ केले होते.

"एर्मेक, सादीक, ओमुरजाक, तुर्दुमात, बेकतूर, काजीबाय, चोकोय!" बेगाइम एका दमात म्हणाली. उल्कान ऐकत राहिली. तिच्या घरात ही नावं मोठ्याने घेणारं हे एकच तोंड उरलं होतं.

मग पोरीचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिने पुढे होऊन वाचलं.

"आजी, हा कोण? बाबांना मुलगा आहे?"

"नाही."

"मग इथं लिहिलंय ना?"

"चुकून आलाय."

"मग काढ की," पोर म्हणाली. तिला त्यात काहीच अवघड वाटत नव्हतं. "आणि मी कुठल्या पानावर आहे?"

उल्कानने केलेलं मागे घेण्याची कळ दाबली. राखातचा मुलगा आपल्या बापाखाली परत गेला. खूर गेला. मग तिने एर्मेकच्या नावानंतर एक नवी ओळ घेतली, तिला आठव्या पातळीची शैली दिली आणि लिहिलं: बेगाइम, २०१४. खूर पुन्हा आला. ती सरळ शेवटच्या पानांवर गेली आणि अनुक्रमणिका ताजी केली. भरभर आकडे बदलले.

"तीनशे सतरा," तिने सांगितलं.

"तीनशे सतरा, तीनशे सतरा," पोर एका पायावर नाचत बाहेर गेली.

*

शेवटची तपासणी फेब्रुवारीत झाली. जुमालीला आता शाळेपर्यंत चालत येणं जमत नव्हतं. शेजाऱ्याने त्याला घोड्याच्या घसरगाडीतून आणलं. खोकला छातीत खोल उतरला होता. पण क्लिक करायला तो शिकला होता. एका बोटाने माऊस दाबत तो नावामागून नाव बघत खाली आला आणि थांबला.

"अरे वा. एर्मेकला खूर." तो हसला. "केलंस ना शेवटी? चांगलं केलंस."

त्याने टिचकी मारली. नाव उघडलं. त्याने चष्मा सावरला, पुन्हा वाचलं.

"सूनबाई."

"हं."

"हे काय आहे?"

"खूर आहे, मामंजी."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत. तिला सातही बाप येतात. वाटल्यास बोलावते, ऐका."

"मला माहितीये येतात! सगळ्या गावाला माहितीये!" तो ओरडला आणि खोकला सुरू झाला. उल्कानने चहाचं पातेलं शेगडीवरून उतरवून त्याला मीठ-दुधाचा चहा दिला. त्याने दोन घोट घेतले. बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

"राखात माझा कोण, ठाऊक आहे ना तुला?"

"मुलगा."

"माझ्या भावाचा मुलगा. चाळीस दिवसांचा होता, आणून माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या नावापुढचा खूर भावाचा आहे. मला मुली झाल्या. तीन. पहिली बेरमेत. दुसरीचं नाव बुरुल ठेवलं. वळ म्हणून, आता तरी मुलाकडे वळ. तिसरीचं जानील. म्हणजे चूक. चूक झाली, आता सुधार." तो कपातल्या चहाकडे बघत होता. "त्या आयुष्यभर त्या नावांनी हाका ऐकत राहिल्या. जानील मागच्या वर्षी गेली. या चार वह्यांमध्ये कुठे आहेत त्या? तुझी एक घातली, तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? आणि सगळ्यांना घालायचं म्हटलं, तर बेकतूरच्या मुलींची नावं कोण सांगणार? काजीबायच्या? कोणाला आठवतात? सगळं झाड भोकाभोकांचं दिसेल. आत्ता निदान पूर्ण दिसतं."

तो खोटं बोलत नव्हता.

"काढ ते," म्हातारा म्हणाला. "राखातचा मुलगा नको तर नको. पण हे काढ. मी काही राहत नाही फार दिवस. माझ्या मागे माझ्या पुस्तकाला हसायला नकोत."

तिने माऊस हातात घेतला. शेवटच्या अक्षरापासून मागे मागे जात एकेक अक्षर पुसलं. आकडा पुसला, नाव पुसलं. शेवटचं अक्षर गेलं तसा पट्टीवरचा खूर नाहीसा झाला. ओळ मात्र तिने काढली नाही. रिकाम्या ओळीत कर्सर लुकलुकत राहिला. वरच्या चौकटीत अजून आठव्या पातळीची शैली दिसत होती. यंत्राच्या लेखी तिथे अजून एका नावाची जागा होती, फक्त नाव नव्हतं.

"झालं?"

"झालं."

म्हातारा उठला नाही. टोपी हातात फिरवत बसला.

"ती मागची यादी," तो म्हणाला. "पानांच्या आकड्यांची. ती आपली आपण बदलत नाही म्हणालीस ना?"

उल्कानने मान वर केली. सव्वीस वर्षं ती पोरांना सांगत आली होती, सगळ्यात शेवटी अनुक्रमणिका ताजी करा. ते न करणाऱ्या पोराला तिने कधी पूर्ण गुण दिले नव्हते.

"नाही बदलत. जुनंच धरून बसते."

जुमालीने टोपी डोक्यावर चढवली आणि कानांवर नीट ओढली.

"बसू दे," तो म्हणाला.

तिने फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि पेन ड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला.

*

मार्चच्या शेवटी, रस्त्यावरचा बर्फ चिखल होऊ लागला तेव्हा जुमाली गेला.

जुलैमध्ये कुरणावर लोकरीच्या नमद्याचे चौदा तंबू उभे राहिले. सात घोडे कापले. बायका पहाटेपासून कढयांशी होत्या. दुपारी राखातची गाडी आली आणि पुस्तकांचे गठ्ठे उतरले. निळं पुठ्ठ्याचं आवरण, सोनेरी अक्षरं, तीनशे प्रती. पुरुष मोठ्या तंबूत गोल बसले आणि ज्याने त्याने आपलं नाव शोधायला घेतलं. जुमालीच्या नावापुढे छापलं होतं: १९४१, एक रेघ, आणि रेघेपुढे काहीच नाही. तो असताना फाइल बंद झाली होती आणि नंतर ती कोणी उघडली नव्हती.

उल्कान कढईतली चरबी काढत होती. मोठ्या तंबूतून आधी कोणाचं तरी हसणं ऐकू आलं, मग राखातचा आवाज चढला. थोड्या वेळाने तो पुस्तक उघडं धरूनच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काकू, हे काय आहे? शेवटच्या यादीत मुलीचं नाव! पाहुण्यांनी दाखवलं मला. पानावर बघतो तर नाहीच. तीनशे सतरावर काहीच नाही!"

"नाही."

"तुम्ही शिक्षिका ना? यादी ताजी करायला विसरलात?"

"विसरले."

"आणि अब्बांनी तपासलं होतं ना? त्यांना नाही दिसलं?"

उल्कानने झारा कढईच्या काठावर आपटून निथळला.

"त्यांनी सगळं नीट तपासलं होतं," ती म्हणाली. "चूक माझी. म्हातारी झाले, राहून गेलं."

राखात वाईट माणूस नव्हता. त्याने तिला आणखी काही म्हटलं नाही. फक्त गाडीतून इमारतीच्या कामावर खुणा करायची जाड काळी पेनं आणली आणि गावातल्या सुनांना बोलावलं. वाटण्याआधी प्रत्येक प्रतीतली ती ओळ काळी करायची. पान तीनशे अठ्ठावन्न, वरून सोळावी ओळ.

तंबूच्या सावलीत सहा-सात सुना गठ्ठे सोडून बसल्या. आधी हसणंखिदळणं चाललं होतं. "अगं, तू उच्चारू नकोस बाई, नुसती खोड!" "माझ्या सासऱ्यांवर चुकून रेघ गेली तर?" "तर तुला बक्षीस!" मग त्यांच्यातली एक, नुकतीच लग्न होऊन आलेली, नाव वाचून थांबली.

"आत्या, ही कोण?"

"माझी नात," उल्कान म्हणाली.

हसणं बंद झालं. त्या मुलीने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, तिला काही कळेना.

"आण इकडे," म्हणून उल्कानने ते पेन घेतलं. हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि गठ्ठा पुढे ओढला. वर्गात पोरांच्या वह्या तपासायला बसावं तशी ती बसली. पान उघडायचं, सोळावी ओळ, डावीकडून उजवीकडे रेघ, मिटायचं, दुसरी. तिची रेघ सरळ होती. टिंबांपर्यंत आली की ती थांबायची. पानाचा आकडा तिने एकाही प्रतीत खोडला नाही. खोडा असं कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या सुनांनी पाहिलं आणि त्याही तशाच करू लागल्या.

संध्याकाळी पुस्तकं वाटली. ज्या घरात पुरुष नव्हता त्या घराचं पुस्तक राखातने स्वतः आणून उल्कानच्या हातात दिलं.

बेगाइम नदीच्या बाजूने धावत आली. ती सकाळपासून वाट बघत होती. पुस्तक आजीच्या मांडीवर ठेवून तिने थेट मागची पानं उघडली. एर्मेक सापडला. त्याच्या खाली काळा पट्टा होता. तिने पट्ट्यावर नख घासून पाहिलं, निघाला नाही. मग टिंबांवरून बोट सरकवत ती उजवीकडे गेली.

"तीनशे सतरा," ती म्हणाली.

तिने पानं उलटली. तीनशे सतरावर मध्यभागी तिच्या बापाचं नाव होतं, जन्म आणि मृत्यू. त्याच्या खाली एक मोकळी ओळ, आणि तिच्याखाली पुढच्या घराचं नाव.

पोर पानावर वाकली.

"आजी, इथे एक ओळ रिकामी राहिलीये."

"हो."

"तूच म्हणतेस ना, एंटर मारून जागा करायची नाही म्हणून?"

"ती एंटरची नाही," उल्कान म्हणाली. "ती नावाची ओळ आहे."

बेगाइमने त्या ओळीवर बोट ठेवलं. कुरणावर वारा सुटला होता, पानं फडफडू लागली. ती उलटू नयेत म्हणून उल्कानने कोपऱ्यावर हात दाबून धरला. तिच्या अंगठ्याची काळी शाई पानाच्या कडेला लागली.